मायची पत्रावळ आणि माझी नम्रता

आमच्या घरी ताटं दोन होती आणि जेवणारे चार. बाबा आणि मी आधी जेवायचो, मग तीच ताटं राखेनं घासून लीलाआत्या जेवायची, आणि माय जेवायची की नाही हे मला खरंच ठाऊक नाही. आज हे लिहायला बसल्यावर मी आठवून पाहिलं, तर मायला जेवताना पाहिल्याचं एकही चित्र माझ्या लहानपणात सापडत नाही. ती वाढताना दिसते, चूल फुंकताना दिसते, तव्याला चिकटलेला भाकरीचा पापुद्रा उलथण्यानं खरवडून तोंडात टाकताना दिसते. पण मांडी घालून, समोर ताट घेऊन बसलेली माय दिसत नाही. त्या वयात मला याचं काही वाटलं नाही. माझी समजूत अशी होती की मायांना भूक कमी लागते.

बाबा पांढुर्ण्याला एका जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलायचे. हंगामात तिकडंच राहायचे आणि शनिवारी संध्याकाळी सौंसरला घरी यायचे. गल्लीत आधी त्यांचा खोकला यायचा, मग ते. कानात, भुवयांत, छातीच्या केसांत कापूस अडकलेला असायचा, आणि आत्या म्हणायची, "आला माहा म्हातारा भाऊ. तिशीतच पिकून गेला." ही आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. नवरा गेल्यावर माहेरी परत आली होती, आणि येताना तिनं एक लोखंडी पेटी आणि आपली जीभ एवढंच सोबत आणलं होतं. पेटी रिकामी झाली, जीभ शेवटपर्यंत पुरली. माय संत्र्याच्या बागांत तोडणीला जायची. तोडणी नसली की निंदणाला, आणि निंदणही नसलं की घरात बोलणं कमी व्हायचं. बोललं की भूक लागते असं आत्याचं म्हणणं होतं, आणि ते म्हणायलाही ती बरंच बोलायची.

मोहगावच्या रस्त्याला आमच्या दोन खोल्या होत्या. गावात ख्रिस्ती घरं थोडीच, बोटांवर मोजावीत एवढी. शेजार बौद्धांचा आणि कापूस-संत्रावाल्या शेतकऱ्यांचा. गाव हिंदी राज्याच्या कडेला, म्हणून सरकार आमच्याशी हिंदीत बोलायचं, देव पुस्तकी मराठीत, आणि माय आपल्या वऱ्हाडीत दोघांनाही उत्तर द्यायची. टिनाच्या छपराचं एक छोटं उपासनामंदिर होतं. तिथल्या हार्मोनियमचा एक सूर बसला होता. दुरुस्त करायला नागपूरला न्यावा लागला असता, म्हणून कोणी नेला नाही. सगळी मंडळी तो सूर गाळून गायला शिकली. आज हार्मोनियम नवा आहे, पण त्या वेळची जी चार-पाच माणसं उरली आहेत ती अजून त्या जागी गिळल्यासारखं करून पुढं जातात. मीही जातो. बाबा घरी असले की ढोलकी त्यांच्याकडं असायची. ढोलकी वाजवताना त्यांना खोकला येत नसे, हा आमच्या घरातला एकमेव चमत्कार.

वर्षातून एकदा, थंडी पडली की, उपकारस्तुतीचा रविवार यायचा. ज्याच्या घरी जे पिकलं त्यातलं थोडं आणून वेदीपुढं ठेवायचं. संत्री, बोंडातला कापूस, तुरीच्या शेंगा, ज्वारीची कणसं, कोणाचा भोपळा. आमचं काहीच पिकत नसे, म्हणून माय आपले हात न्यायची. म्हणजे त्या दिवशीच्या जेवणाचे रोडगे ती करायची. ज्यांनी रोडगा खाल्ला नाही त्यांच्यासाठी सांगतो. जाड्या कणकेच्या पोळ्या तेल लावून एकावर एक गुंडाळायच्या, त्यांचा गोळा करायचा, आणि गोवऱ्यांच्या रसरसत्या निखाऱ्यात, राखेखाली पुरून भाजायचा. वरून तो दगडासारखा दिसतो. फोडला की पापुद्रे सुटतात, आणि त्यात तूप ओतायचं. सोबत भात, वरण आणि वांग्याची भाजी. विस्तवातला रोडगा कधी फिरवायचा आणि कधी काढायचा, हे मायला वासावरून कळायचं. दुसऱ्या बायका मदतीला असत, पण निखाऱ्याजवळ ती कोणाला येऊ देत नसे. भाजून झालं की तीच बादली घेऊन वाढायला उभी. पहिली पंगत मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांची, पाळकसाहेबांची आणि पाहुण्यांची, दुसरी बायकापोरांची, आणि मग उरलंसुरलं घेऊन माय एका पालथ्या घमेल्यावर टेकायची. करपलेले रोडगे फडक्यात बांधून घरी आणायची. ते आम्ही दोन दिवस खायचो. मला ते सणाच्या रोडग्यांपेक्षा जास्त आवडायचे, कारण ते आमच्याच वाट्याचे असत.

अशा घरातून मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यात त्याआधी कोणी मॅट्रिकच्या पुढं गेलं नव्हतं, आणि मॅट्रिकपर्यंत गेलेला माणूसही मीच होतो. मला या पदवीचा अभिमान होता, आहे, आणि मरेपर्यंत राहील. उगाच खोटं कशाला बोलू. पाळकसाहेबांच्या चिठ्ठीवर नागपूरला वसतिगृहात जागा मिळाली, मंडळीतल्या लोकांनी जुने शर्ट दिले, आणि तीन वर्षं मी घासून अभ्यास केला. पण नागपुरात पदवीच्या जोडीला मी आणखी एक गोष्ट कमावली. तिथं आम्हा ख्रिस्ती मुलांचं एक शास्त्राभ्यासाचं मंडळ होतं, आणि तिथं मी नम्रतेवर बोलायचो. प्रभूनं सांगितलेला तो दाखला मला तोंडपाठ होता: कोणी जेवायला बोलावलं तर मानाच्या जागी जाऊन बसू नये, शेवटच्या जागी बसावं, म्हणजे यजमान येऊन, मित्रा, वर चल, असं म्हणेल आणि सगळ्यांदेखत आपला मान होईल. या दाखल्यावर मी पाऊण तास बोललो होतो आणि दोन मुलांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. एकाला सर्दी होती हे मला नंतर कळलं.

पदवीचा कागद हातात पडला तो नेमका थंडीत. मी नागपूरला शिकवण्या घेत होतो आणि नोकरीचे अर्ज टाकत होतो. उपकारस्तुतीच्या रविवारी गावी जायचं ठरवलं. आता तिकडं सौंसरला काय चाललं होतं ते आधी सांगतो, कारण मला ते तेव्हा माहीत नव्हतं आणि सगळा घोटाळा त्यातूनच झाला. आमचे पाळकसाहेब नगरकडचे. उंच, हळू बोलणारे. त्या वर्षी त्यांच्या मनात आलं, की ही बाई इतकी वर्षं सगळ्यांना वाढते, हिला आपण कधी वाढलं नाही. ते घरी आले आणि मायला म्हणाले, "शेवंताबाई, या वर्षी तुम्ही पहिल्या पंगतीला बसायचं."

"अन् वाढन कोण?"

"मंडळीतली माणसं वाढतील."

"मंडळीतली माणसं सांडतीन," माय म्हणाली.

पाळकसाहेब तीनदा आले. तिसऱ्यांदा माय म्हणाली, "साहेब, तिथं वरती पंच लोकाइच्या बाजूले माह्या घशातून घास नाही उतरणार. बसाचंच असन त मी चुलीच्या अंगानं बसतो, शेवटच्या पानावर. काही कमी पडलं त उठता येते." आमच्याकडच्या बाया अशाच बोलतात, 'मी बसतो' म्हणून. पाळकसाहेबांनी कबूल केलं. मनात म्हणाले असतील, एकदा बसली की उठू कोण देतंय. गावातल्या सगळ्या ख्रिस्ती घरांना ही बातमी कळली. आत्या सांगायची की मायनं आठवडाभर आधी अंजिरी पातळ काढून, धुऊन, उशाखाली घडी करून ठेवलं होतं. लग्नानंतर ते तिनं दोन-तीनदाच नेसलं होतं. रोडगे भाजून झाले की हात-पाय धुवायचे, पातळ बदलायचं आणि बसायचं, असं तिनं ठरवलं होतं. कसं बसायचं हेसुद्धा आत्याला विचारलं होतं. म्हणाली होती, "लीलाबाई, डावा हात कुठं ठेवतेत वं जेवताना लोकं? मले कदी कामच नाही पडलं."

मी नागपूरहून पहिल्या गाडीनं निघालो आणि तरी उशीर झाला. बोरगावजवळ गाडीचं चाक बसलं. स्टँडवरून थेट मंदिरात गेलो, पिशवी खांद्याला, पायात काळे बूट, खिशात पदवीचा कागद चार घड्या करून. उपासना संपली होती. मांडवात पळसाच्या पत्रावळींच्या दोन रांगा मांडलेल्या होत्या, आणि लोक बसत होते. चुलीजवळ माय उभी होती. अंगावर अंजिरी पातळ, केसांना तेल, हात कोपरापर्यंत धुतलेले. मला वाटलं, पोरगा बी.ए. होऊन आला म्हणून नेसली.

पाळकसाहेबांनी मला पाहिलं आणि हात वर केला. "या पदवीधर, इथं या. माझ्या शेजारी जागा ठेवली आहे." आणि खरोखरच त्यांच्या उजव्या हाताला एक पान रिकामं होतं. मी याच क्षणाची वाट नागपूर सोडल्यापासून पाहत होतो. मी हात जोडले, मान खाली घातली आणि म्हणालो, "नको साहेब. मी शेवटीच बरा." मग दोन रांगांच्या मधून चालत गेलो. हळू चाललो. घाईत चालणाऱ्या माणसाची नम्रता लोकांच्या नजरेतून सुटते. पार शेवटी, चुलीच्या अंगाला, एक पान रिकामं होतं. त्याच्याजवळ स्टीलचा पेला होता आणि पानावर झेंडूचं एक फूल. बाकी कोणाच्या पानावर फूल नव्हतं. आता एवढं शिकलेल्या माणसानं विचार करायला हवा होता की फूल का असेल. मला वाटलं वेदीवरून उडून आलं. ते उचलून मी बाजूला ठेवलं आणि मांडी ठोकली.

समोरच्या रांगेत बसलेले एक पंच, मोठे भले गृहस्थ, पुढं वाकून म्हणाले, "भाऊ, तिथं नोको बसू ना. वर जागा हाय तुले."

"सगळी जागा देवाचीच आहे, काका."

"हाव, ते हायच. पण तू वर जाय ना."

बायकांच्या बाजूनं आत्या म्हणाली, "अरे ऊठ ना पोट्ट्या." मी तिच्याकडं पाहून मंद हसलो. आयुष्यभर मला टोचून बोललेल्या बाईलाही आज माझा मान व्हावासा वाटतोय, हे पाहून मला बरं वाटलं. मांडवाच्या खांबाला टेकून बाबा उभे होते, ते मान हलवत होते. जोरजोरात. मी त्यांनाही हात जोडले. जितके लोक ऊठ म्हणत होते तितका मी जमिनीत रुतत होतो. मग पाळकसाहेब स्वतः आपल्या पानावरून उठले आणि रांगेमधून माझ्याकडं चालत आले. माझ्या अंगावर काटा आला. अगदी दाखल्यातल्यासारखं घडत होतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाळा, वर चल." दाखल्यातला माणूस इथं उठतो. पण मी त्याच्यापेक्षा नम्र निघालो. मी म्हणालो, "साहेब, मला आज इथंच राहू द्या. ही माझी विनंती आहे."

ते म्हणाले, "अरे, पण ती जागा..."

"बसू द्या साहेब त्याले," चुलीकडून माय म्हणाली. "भूक लागली असन. बसमधी हाल झाले असन पोराचे." आणि तिनं अंजिरी पातळाचा पदर कमरेला खोचला, वाढायला उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातातून वरणाची बादली घेतली आणि रांगेच्या वरच्या टोकाला गेली. तिच्या मागं मांडवात जे शांत झालं, ती शांतता मला माझ्याविषयीच्या आदराची वाटली.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पाळकसाहेब जेवणाआधीची प्रार्थना करणार, तेवढ्यात मी विचारलं, "साहेब, मी दोन शब्द बोलू का?" त्यांना नाही म्हणता आलं नाही. मी उभा राहिलो आणि नागपुरी मंडळात कमावलेल्या भाषेत प्रार्थना सुरू केली. हे दयाळू स्वर्गीय पित्या, इथपासून. शिक्षकांसाठी उपकार मानले, ग्रंथालयासाठी मानले, उच्च जागा नाकारण्याची बुद्धी दिलीस म्हणून मानले. आणि मग डोळे मिटलेले असतानाच हात चुलीच्या दिशेला करून म्हणालो, की माझ्या पूज्य मातेबद्दल मी तुझे विशेष आभार मानतो, जिनं स्वतः कधी काही मागितलं नाही. तिच्याच जागेवर उभा राहून. रोडगे निवत होते, वरणावर साय धरत होती, आणि कोणीतरी खोल श्वास सोडला. आमेन म्हणाले तेही चारच लोक.

मायनं मला निवडून रोडगा वाढला. फोडून, पापुद्रे मोकळे करून, तूप दोनदा ओतलं. "घे," म्हणाली. मी म्हणालो, "आई, पुरे." जन्मभर तिला माय म्हणत आलो होतो, पण त्या दिवशी लोकांपुढं मला आई म्हणावंसं वाटलं. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि समोरच्या रांगेकडं वळली. पंगत उठल्यावर पाळकसाहेब तिच्यामागं गेले, दुसऱ्या पंगतीत तरी बसा म्हणाले. तिनं त्यांना हात दाखवले. वरणानं, तुपानं, राखेनं माखलेले. "आता राहू द्या साहेब. बसाची येळ गेली." आणि सगळं झाल्यावर नेहमीसारखी पालथ्या घमेल्यावर टेकली.

घरी परतताना दिवस कलला होता. माय भांडी घासायला मागं राहिली होती. बाबा, आत्या आणि मी चालत होतो. कोणी बोलत नव्हतं, आणि आत्या बोलत नाही म्हणजे काहीतरी बिघडलं आहे हे मला कळायला हवं होतं. मीच विचारलं, "कसं वाटलं माझं बोलणं?"

आत्या थांबली. "काहून रे, कालेजात डोयेबी तपासतेत का नाही? तू ज्याच्यावर बसला होता ते तुह्या मायचं पान होतं."

तिनं मग सगळं सांगितलं. पाळकसाहेब तीनदा आले ते, पातळाचं, फुलाचं, डाव्या हाताचं. फूल पाळकबाईंनी ठेवलं होतं आणि पेलाही त्यांच्याच घरचा होता. मी बाबांकडं वळलो. "तुम्ही मला सांगायचं ना."

बाबा खोकले, आणि मग म्हणाले, "मी मान हालवून राहिलो होतो. तू हात जोडून राहिला होता."

माणसानं अशा वेळी काय करावं? मी जे केलं ते पुन्हा तसंच होतं. माय घरी येईपर्यंत मी अंगणात फेऱ्या घातल्या आणि मनात वाक्यं जुळवली. ती आली, चुलीवर दूध ठेवलं, आणि मी धाडकन तिच्या पायाशी बसलो, दोन्ही पाय धरले आणि म्हणालो, "आई, मी अपराधी आहे. मी तुझा सन्मान हिरावून घेतला. माझ्या अहंकारानं आंधळा झालो." शेजारच्या घरातून दोन डोकी बाहेर आली.

"पाय सोड," माय म्हणाली. "दूध उतू जाते."

मी सोडले नाहीत. दूध उतू गेलं. तिनं फडक्यानं पातेलं उतरवलं, राख झाडली आणि माझ्यासमोर बसली. "हे पाह्य बापू, तू माफीबी मांगतं तं भासनच वाटते. मले राग नाही आला. तू काई जानून नाही केलं." मग चुलीकडं पाहत म्हणाली, "फक्त एक डाव बसून पाहाचं होतं. समोरून कोणी वाढते तवा कसं वाटते ते. बाकी काई नाही."

मी आजवर पुष्कळ प्रवचनं ऐकली, काही दिलीही. पण कृतज्ञतेबद्दल मला जे काही थोडं कळलं ते त्या वाक्यानंतर कळायला लागलं. उपकार मानणं सोपं आहे, विशेषतः मोठ्यानं. मी तिचे आभार सगळ्या मंडळीपुढं मानले होते, आणि त्याच वेळी तिला हवी असलेली एकुलती एक गोष्ट माझ्या बुडाखाली होती.

मी म्हणालो, "पुढच्या वर्षी बसशील."

"नाही. झालं ते झालं. लोकं हासतीन."

"मी वाढीन."

आता मात्र ती हसली. "तू? तुले ताट उचलता येत नाही."

हे खरं होतं. मी उष्टं ताट तिथंच सोडून उठणारा, घरातला एकुलता एक शिकणारा पोरगा होतो. पण मी हट्टाला पेटलो. नागपूर सोडलं, मोहगावच्या एका शाळेत हंगामी मास्तराची जागा मिळाली, आणि घरी राहायला आलो. रोज संध्याकाळी शाळेतून आलो की मायपुढं माझी परीक्षा. आधी पाणी वाढायचं. मग वरण. वरणाची बादली एका हातात, डाव दुसऱ्यात, कमरेतून वाकायचं, आणि धार पानाच्या मधोमध पडली पाहिजे. पहिल्या दिवशी ती बाबांच्या मांडीवर पडली. ते धोतर झटकून जागा बदलून बसले. आत्यानं त्या दिवसापासून जेवताना पाय आखडून बसायला सुरुवात केली. माय कोपऱ्यातून निकाल सांगायची. "नापास." विद्यापीठानं मला पास केलं होतं, पण माय चार महिने करत नव्हती.

माझी मोठी चूक अशी, की मी प्रत्येकाला विचारायचो, "वाढू का?" माय म्हणाली, "इचारू नोको. इचारलं का मानूस नाहीच म्हनते. पान पाह्य. तोंड नोको पाहू, तोंड खोटं बोलते." भाताचा ढीग कुठून खचला, भाजीला बोट किती वेळा गेलं, वरणाची कड कुठवर ओली आहे, हे सगळं पानावर दिसतं. मला ते दिसायला फार दिवस लागले. इतकी वर्षं मी लोकांची तोंडं वाचत आलो होतो, आणि तीही एवढ्यासाठीच की त्यांच्यावर माझ्याबद्दल काय लिहिलं आहे ते कळावं. पानावर माझ्याबद्दल काहीच नसतं. म्हणून ते वाचणं मला जड गेलं असावं.

आता लग्नांत बुफे असतो. कोणी कोणाला वाढत नाही, सगळे आपापली ताटं घेऊन उभे. तिथं शेवटची जागा नसते, फक्त रांगेचं शेवटचं टोक असतं. मी अजूनही तिथंच जाऊन उभा राहतो, आणि दर वेळी स्वतःला तपासतो, की बाबा रे, कोणी पाहतंय म्हणून तर उभा नाहीस ना? बहुतेक वेळा उत्तर काही फार चांगलं येत नाही. गुडघे दुखतात हेही एक कारण आहे, रांगेच्या टोकाला खुर्च्या असतात.

पुढच्या थंडीत उपकारस्तुतीचा रविवार आला. मायला तयार करायला पाळकसाहेबांना पाचदा यावं लागलं. शेवटी ती एवढ्यावर आली, की रोडगे मी भाजीन, निखाऱ्यातून मीच काढीन, मग पोरगा वाढन. जागा तीच, चुलीच्या अंगाला. या वेळी पान मी मांडलं. त्यावर कोणी भलता येऊन बसू नये म्हणून आत्या आधीपासून तिथं पाय पसरून बसली होती. कोणी जवळ आलं की म्हणायची, "पुढं जाय बापा, इथं बी.ए. लोकाइले मनाई हाय." सगळा मांडव हसला, मीही हसलो.

माय हात धुऊन आली. अंजिरी पातळावर रोडग्याची थोडी राख उडालेली होती. बसली, पण अर्धवट, एक गुडघा वर करून, कधीही उठता येईल अशी. पाळकसाहेबांनी दोन ओळींची प्रार्थना केली. मला कोणी काही बोलायला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. बादली घेऊन वरच्या टोकापासून सुरुवात केली. पंचांच्या पानात वरण नीट पडलं. पाळकसाहेबांच्या पानात नीट पडलं. जसजसा खाली येत गेलो तसा पानं सोडून मी मायचं तोंड पाहायला लागलो. मायपर्यंत पोचलो, वाकलो, आणि वरणाची धार भातावर न पडता रोडग्यावर पडली.

माय हळूच म्हणाली, "तूप आधी."

"चुकलं."

"अन् वांग्याची भाजी तिकडं दोघाइच्या पानात नाही. दिसत नाही का तुले?" आणि ती उठायला लागली. गुडघा वर होताच, हात जमिनीला टेकला. आत्यानं तिच्या पदराचं टोक धरलं. मी बादली खाली ठेवली आणि म्हणालो, "माय, मी पाहतो. तू बस." पळत गेलो, भाजी वाढली, परत आलो. ती अजून तशीच होती, अर्धी उठलेली, माझ्याकडं पाहत. मग तिनं वर धरलेला गुडघा हळूहळू खाली घेतला आणि मांडी घातली. डावा हात कुठं ठेवावा हे तिला कळेना, तर तिनं तो आत्याच्या गुडघ्यावर ठेवला. पहिला घास घेतला, चावला, आणि म्हणाली, "वरण पातय झालं." मी तिच्या तोंडाकडं पाहिलं नाही, पानाकडं पाहत राहिलो. भात खचला की भात घातला, वरण ओसरलं की वरण.

त्या दिवशी मायनं दोन रोडगे खाल्ले, पहिल्या पंगतीत, आणि पंगत उठेपर्यंत ती जागची हलली नाही.